वजन कुठं टाकायचं?

डिसेंबरात संध्याकाळी साखरपट्ट्यातल्या कुठल्याही रस्त्यानं निघालात, तर पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर हमखास आडवा येतो. मागं दिवा नाही, ऊस दोन्ही अंगांनी इतका बाहेर आलेला की पुढं काढायची हिंमत होत नाही, आणि स्पीकरवरचं गाणं एवढं मोठं की आपला हॉर्न ड्रायव्हरच्या कानावर पडणं अशक्य. अशा वेळी चिडून काही होत नाही. मग मी हिशेब मांडत बसतो. दोन्ही ट्रॉल्यांत मिळून वीस टन ऊस धरू. उतारा अकरा टक्के. म्हणजे या सगळ्या धुडातून निघणार साखर २.२ टन, पन्नास किलोची ४४ पोती. साध्या टेम्पोत मावतील. उरलेलं जवळजवळ अठरा टन ओझं हे साखर नव्हेच. ते पाणी आहे, चोथा आहे, मळी आहे, थोडी शेतातली माती आहे.

आता हाच ट्रॅक्टर दहा किलोमीटरवरच्या कारखान्याऐवजी मुंबईला न्यायचा, असं कुणी म्हटलं तर आपण त्याला वेड्यात काढू. अठरा टन पाणी आणि चोथा घाट उतरवून न्यायचा, आणि तिथं टाकून द्यायचा? पण नेमक्या याच साध्या अकलेवर भूगोलातलं एक अख्खं शास्त्र उभं आहे. कारखाना ही मुळात वजन टाकायची जागा असते. ते वजन वाटेत कुठं टाकायचं, एवढं ठरलं की कारखान्याचा पत्ता बराचसा ठरतो.

हे नियमात बसवलं जर्मनीच्या आल्फ्रेड वेबरनं, १९०९ साली. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरचा हा धाकटा भाऊ. थोरल्याच्या सावलीत जरा झाकोळलाच. त्यानं एक सोपा भागाकार सुचवला: विशिष्ट ठिकाणीच मिळणाऱ्या कच्च्या मालाचं वजन, भागिले तयार मालाचं वजन. उत्तर एकाहून बरंच मोठं आलं, तर कारखाना कच्च्या मालाच्या कुशीत जाणार. उसाचं उत्तर येतं जवळपास नऊ. नऊ हा आकडा एवढा दांडगा आहे की भारतातच काय, क्यूबात, ब्राझीलमध्ये, मॉरिशसमध्येही उसाचा कारखाना उसाच्या रानातच सापडतो.

हे वजन आत गेल्यावर जातं कुठं, ते पाहण्यासारखं आहे. वजनकाट्यावरून गाडी पुढं सरकते आणि ऊस गव्हाणीत पडतो. (काट्यावरच थोडं वजन परस्पर नाहीसं होतं, ही तक्रार साखरपट्ट्यात प्रत्येक पारावर ऐकू येते, वेबरच्या सूत्रात तिला जागा नाही.) गव्हाणीतून ऊस पात्यांखाली बारीक होतो आणि एकामागून एक लावलेल्या रोलरांत पिळला जातो. शेवटच्या पिळणीआधी चोथ्यावर पाणी मारतात, म्हणजे त्यात अडकलेली साखरही धुऊन निघते. इथं शंभर किलो उसामागं तीस किलोच्या आसपास चोथा बाजूला पडतो. कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. रसाला चुना आणि गंधकाचा धूर देतात, गाळ खाली बसतो. तो प्रेसमड पुन्हा शेतात खत म्हणून जातो. निवळलेला रस आटवायचा, पॅनमध्ये दाणा धरायचा, आणि जोरानं फिरणाऱ्या जाळीच्या पिंपात दाणा एकीकडं, मळी एकीकडं करायची. ऊस सत्तर टक्के पाणीच असतो, त्यामुळं आटवणं हेच यातलं सगळ्यात मोठं काम. म्हणजे जळण.

कारखान्याचा पत्ता ठरवण्यात जळणाचा वाटा मालाइतकाच असतो, हे आपण विसरतो. कैक टन पाण्याची वाफ करायला दगडी कोळसा आणायचा म्हटला, तर रेल्वे लागली असती आणि कारखान्याचा एक पाय खाणीकडं ओढला गेला असता. उसाचं भाग्य असं की तो आपलं सरपण स्वतःच घेऊन येतो. बगॅस बॉयलरमध्ये जातो, त्याच्या वाफेवर रोलर फिरतात, रस आटतो. पण हे सरपण पुरतं ते एका माणसाच्या डोक्यामुळं. न्यू ऑर्लिन्सचा, पॅरिसमध्ये शिकलेला नोर्बेर रिलियू हा मिश्रवंशीय इंजिनिअर. गुलामगिरी जिवंत असलेल्या लुइझियानात त्यानं १८४३ साली एका आटवणीच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना अशी: पहिल्या भांड्यातल्या रसाची जी वाफ होते, ती वाया न घालवता दुसऱ्या भांड्याला तापवायला वापरायची. दुसऱ्या भांड्यातली हवा काढून दाब कमी ठेवायचा, म्हणजे तिथला रस कमी उष्णतेत उकळेल. त्याची वाफ तिसऱ्याला. एकच उष्णता तीन-चारदा वापरली जाते, आणि रस करपत नाही. आजही कारखान्यातली ती उंच नळकांडी याच तत्त्वावर चालतात. आता तर बगॅस उरतो आणि त्यावर वीज करून विकली जाते. लोणी, वारणा, माळीनगर अशा ठिकाणी, कोळशाच्या खाणीपासून शेकडो किलोमीटर दूर, रानात मधोमध एवढ्या मोठ्या चिमण्या उभ्या राहिल्या, त्यामागं ही वाफेची काटकसर आहे.

वजनाइतकाच दुसरा ओढा वेळेचा. तोडलेला ऊस मरायला लागलेला असतो. त्यातल्या साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागतो, आणि हे दोन्ही दाणा धरत नाहीत; उलट शेजारच्या साखरेलाही धरू देत नाहीत. शिवाय ऊस वाळून वजनाला मार खातो तो वेगळाच. म्हणून तोडल्यापासून चोवीस तासांत गाळप व्हावं, असं धरून चालतात. मार्चच्या उन्हात यार्डात गाड्यांची रांग लागली की शेतकऱ्याचा जीव का टांगणीला लागतो, ते यावरून कळेल. कारखान्याभोवती जो वर्तुळाकार ऊसपट्टा दिसतो, त्याची त्रिज्या या चोवीस तासांनी आखली आहे.

शेताची अशी वर्तुळं पहिल्यांदा कागदावर काढली योहान फॉन थ्यूनेन नावाच्या जर्मन जमीनदारानं, १८२६ मध्ये. शहराजवळ दूध-भाजी, मग जळणाचं जंगल, मग धान्य, सगळ्यात बाहेर जनावरं. वाहतूक जशी महाग होत जाते तसं पीक बदलत जातं, हे त्याचं म्हणणं. आपल्या सहकारानं मात्र या वर्तुळाची गंमत केली. बऱ्याच कारखान्यांत तोडणी-वाहतुकीचा खर्च सरासरी काढून सगळ्यांच्या बिलातून टनामागं सारखाच कापायची रीत पडली. गेटाला लागून रान असलेला आणि चाळीस किलोमीटरवरचा, दोघांनाही सारखाच भुर्दंड. थ्यूनेनच्या जवळच्या शेतकऱ्यानं आपलं अंतर असं वाटून दिलं नसतं.

कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ हाच हिशेब त्याहून लहान अंगणात करतं. चरकातून निघालेलं चिपाड वाळवून चुलवाणात, वर काहील, रानभेंडीच्या रसानं मळी वर काढायची, आणि गुळव्या नुसत्या बुडबुड्यांवरून ओळखतो की आता उतरवायची वेळ झाली. ऊस तर शे-दोनशे पावलांवरचाच. यंत्र जितकं छोटं, तितकं ते शेताच्या जवळ सरकतं.

आता हे सगळं ज्याला उलटं वाटेल असं उदाहरण घेऊ. कापूस पिकतो खानदेशात आणि वऱ्हाडात, आणि गिरण्या उभ्या राहिल्या त्या मुंबईत. कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिली यशस्वी कापडगिरणी काढली १८५४ मध्ये, दोन वर्षांनी ती चालू झाली, आणि पुढं गिरणगावाच्या चिमण्या आपण ऐकून-वाचून जाणतोच. वेबर चुकला का? नाही. कापसाच्या बाबतीत वजन टाकायचं काम गिरणीत होतच नाही. शंभर किलो कपाशीत रुई निघते एक तृतीयांश, बाकी सरकी. ही सरकी काढायचं काम जिनिंगमध्ये, खामगाव, जळगाव, अमरावतीकडं, कपाशीच्या शेजारीच होतं. सरकीचं तेल तिथंच, पेंड तिथल्याच गुरांना. मग रुई दाबून गाठ बांधायची. गाठीनं वजन कमी होत नाही, पण आकार कमी होतो, आणि मालगाडीच्या डब्यात जागाही पैशानंच मिळते. एकदा गाठ झाली की पुढं किलोभर रुईचं जवळजवळ किलोभर सूत होतं. आता ती कुठंही न्या. ओझं वाया जाणार नाही. मग बाकीच्या गोष्टी बोलू लागतात. मुंबईला बंदर होतं, इंग्लंडाहून यंत्रं आणि कोळसा तिथंच उतरत होता, चीनला सूत तिथूनच जायचं, सावकारी पैसा होता, कोकणातून आणि घाटावरून येणारी माणसं होती, आणि धागा तुटू न देणारी दमट हवा फुकट होती.

मला या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती हीच. एखादा धंदा ‘कुठं आहे’ असा प्रश्न फसवा असतो. उत्पादन ही एक माळ असते आणि तिचे मणी वेगवेगळ्या गावांत असतात. माळ तुटते कुठं? जिथं वजन गळणं आणि माल नासणं थांबतं, तिथं. कपाशीची माळ गाठीपाशी तुटते. साखरेचीही पूर्वी तुटायची. वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर उसाची कच्ची, तपकिरी साखर व्हायची, कारण तेवढं तिथंच करणं भाग होतं. पण तिला पांढरी करायचे कारखाने लंडन, ब्रिस्टल आणि न्यूयॉर्कच्या बंदरांवर. कच्च्या साखरेची पक्की करताना वजन फारसं घटत नाही. त्यामुळं नफ्याचा मणी गिऱ्हाइकाच्या दारात नेणं परवडलं, आणि घामाचा मणी मळ्यावरच राहिला. यात राजकारण आणि जकातीही होत्याच, पण मुळात ते शक्य झालं ते तराजूमुळं.

अर्थात नियम तोडणारेही असतात. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा मुंबईच्या लोकांना ते खूळ वाटलं म्हणतात. कापूस हाताशी, वरोऱ्याचा कोळसा फार लांब नाही, आणि आतल्या मुलखातलं गिऱ्हाईक शेजारी, हा त्यांचा हिशेब; गिरणी उत्तम चालली.

याच जमशेटजींच्या एका दुसऱ्या हिशेबात आपल्या चंद्रपूरचं नशीब हुकलं. १८८२ मध्ये एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आणि तिथून जवळ वरोऱ्याला कोळसा. पोलादासाठी याहून चांगली जोडी काय? पण कोळसा तपासल्यावर तो भट्टीला चालणारा निघाला नाही. लोखंडाच्या भट्टीला लागतो कोक. सगळ्या कोळशाचा कोक होत नाही. बेत बारगळला. पुढं १९०४ मध्ये भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातल्या खनिजाची माहिती कळवली, तेव्हा हिशेब पुन्हा मांडला गेला. एका अंगाला मयूरभंजचं खनिज, दुसऱ्या अंगाला झरियाचा कोळसा, मध्ये सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमापाशी साकची नावाचं खेडं. कंपनी १९०७ची, पहिलं पोलाद १९१२चं. खेड्याचं जमशेदपूर झालं १९१९ मध्ये. वेबरनं पुस्तकात जो त्रिकोण काढला, दोन कोपऱ्यांत कच्चा माल आणि तिसऱ्यात बाजार, तो पुस्तक छापून यायच्या आधीच छोटा नागपुरात कुणीतरी पायांनी मोजून ठेवला होता. आज भट्ट्या कमी कोळशावर चालतात आणि कोळसा-खनिज जहाजानं स्वस्तात येतं, म्हणून पेणजवळ डोलवीसारख्या ठिकाणी खाडीकाठीही पोलाद होतं.

आणि काही माल तर वजन टाकायच्या ऐवजी कमावतात. शीतपेयाच्या बाटलीत जवळजवळ सगळं पाणी. ते सगळीकडं मिळतं, तर ते ट्रकमधून कशाला फिरवायचं? अर्क लांबून आणायचा आणि बाटल्या शहराजवळ भरायच्या. पावाचंही तेच. तो पिठाहून जड, फुगून मोठा, आणि उद्या शिळा. म्हणून गल्लीतली बेकरी कुठलाही मोठा कारखाना सहजी मारू शकला नाही.

इचलकरंजीपाशी मात्र तराजू हात टेकतो. तिथं ना कापूस, ना बंदर, ना कोळसा. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये तिथं पहिला यंत्रमाग बसवला, संस्थानाधिपती घोरपड्यांनी पाठबळ दिलं. सुरुवात ही अशी, जवळजवळ योगायोगाची. पण त्यानंतर तिथं सायझिंगवाले आले. वहिफणी करणारे आले, कांडी भरणाऱ्या बाया आल्या, मागाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारे जॉबर तयार झाले, सुट्या भागांची दुकानं, सुताचे व्यापारी, कापडाचे दलाल, उधारीची साखळी. नवा माग टाकणाऱ्याला यातलं काहीच शोधावं लागत नाही. सगळं सायकलच्या अंतरावर. इंग्लंडच्या आल्फ्रेड मार्शलनं १८९० मध्ये हेच मांडलं: एकाच धंद्याचे लोक एका ठिकाणी जमले की ती कला तिथल्या वाऱ्यातच मिसळते, पोरं ती न शिकवता शिकतात. शेजाऱ्याच्या असण्यामुळं होणारा हा फायदा कुठल्याच हिशेबवहीत लिहिलेला नसतो, म्हणून तो उचलून दुसरीकडं नेता येत नाही. मुळातलं कारण विस्मरणात जातं, तरी गाव तोच धंदा करत राहतं.

आता परत उसाकडं येऊ, कारण तिथं एक गोष्ट झाकून ठेवून मी इतका वेळ बोललो. कारखाना उसाजवळ आला हे खरं, पण ऊस तिथं का आला? तेव्हाच्या नगर जिल्ह्यातला बराच भाग पर्जन्यछायेतला. इंग्रजांनी नीरा, गोदावरी, प्रवरेचे कालवे काढले ते मुख्यतः दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरं झालं. पण पाणी बारमाही मिळतंय म्हटल्यावर शेतकऱ्यानं रोख पैसा देणारा ऊस लावला. १९३२ मध्ये सरकारनं परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली, आणि कालव्यांच्या कडेनं खासगी कारखाने उगवले. त्याच दशकात सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी नीरेच्या कालव्यावर येऊन स्वतःचा कारखाना काढला, त्या वसाहतीचंच नाव माळीनगर. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला. पहिलं गाळप १९५०-५१च्या हंगामात.

त्यानंतर महाराष्ट्रात कारखान्याची जागा ठरवायला दुसऱ्या अर्थाचं वजन पुढं आलं. मराठीत हा शब्द किती सोयीचा आहे! ज्याचं मुंबईत वजन, त्याच्या तालुक्यात चिमणी. परवाना, सरकारी भागभांडवल, कर्जाची हमी, हे सगळं या वजनावर तोललं जाई, आणि मग जिथं पाणीच पुरत नाही अशा रानातही कारखाने गेले. कारखाना आला की त्याचं पोट भरायला ऊस लावावाच लागतो. म्हणजे उसानं कारखाना ओढायचा, हा वेबरचा क्रम फिरून कारखान्यानं ऊस ओढायचा असा झाला. आणि उसानं विहिरीतलं पाणी. दोन कारखान्यांत किती अंतर हवं, हेही कायदाच सांगतो. केंद्राचा नियम १५ किलोमीटरचा, महाराष्ट्रानं तो २५ केला. साखर उद्योगावरच्या रंगराजन समितीनं २०१२ मध्ये ही अटच काढा असं सुचवलं. अंतराची अट काढली तर कारखाने एकमेकांचा ऊस पळवतील, असं कारखानदार म्हणतात. शेतकरी म्हणतो, पळवू देत की! दोन गिऱ्हाइकं दारात आली तर वाईट काय? मला शेतकऱ्याचं म्हणणं पटतं.

एक ओढा राहिला, माणसांचा. वेबरनं धरलं होतं की मजूर आपापल्या गावी असतात आणि स्वस्त मजुरीच्या मागं कारखाना जातो. साखरेत तसं होणं शक्यच नाही. वजन आणि चोवीस तास कारखान्याला रानातून हलू देत नाहीत. मग माणसंच निघतात. दिवाळी झाली की बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून ट्रकच्या ट्रक भरून पश्चिमेकडं जातात: भांडी, सरपण, कोंबड्या, पोरं. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती खर्चलेलीही, आता ती ऊस तोडून फेडायची. कारखान्याच्या आसपास खोप्या पडतात. पहाटेच्या अंधारात तोडणी, मग मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळी चढून ट्रकमध्ये भरायच्या. गाडी रात्री आली तर भरणी रात्री. त्यांच्या दिवसाला घड्याळ नाही, कारण उसाला आहे.

मार्च-एप्रिलमध्ये ऊस संपत येतो. कारखान्याचा भोंगा बंद होतो, आणि टोळ्यांमध्ये एकच वाक्य फिरतं, पट्टा पडला. मुकादमाच्या वहीत फिटलं किती, अंगावर राहिलं किती, याचा हिशेब होतो, आणि ट्रक आल्या वाटेनं परत जातात. साखरेला मात्र घाई नसते. ती गोदामात छतापर्यंत थप्प्या लावून बसलेली असते, भाव बरा आला की थोडीथोडी बाहेर पडते. मे महिन्यात त्याच रस्त्यानं गेलो तर समोर ट्रॅक्टर नसतो. कडेच्या बाभळींना मात्र ट्रॉल्यांतून ओढलं गेलेलं पाचट अजून लटकत असतं.